वीतभर मागे

आमच्या दुकानाला मंगळवारी सुट्टी असते, आणि ती सुट्टी कधीच सुट्टी नसते. आठवडाभर "मंगळवारी बघू" म्हणून ढकललेली सगळी कामं त्या दिवशी दारात येऊन बसतात. त्या मंगळवारच्या यादीत पाच होती: बाबांच्या चष्म्याची काडी, मिक्सरचं भांडं, छत्रीची तार, नगर कार्यालयात जाऊन घराच्या कागदावरून आईचं नाव कमी करणं, आणि जमल्यास पडद्याचं कापड. आईचं नाव मी मुद्दाम छत्री आणि पडद्याच्या मधे लिहिलं होतं. वरती लिहिलं असतं तर सकाळपासून डोळ्यांत खुपलं असतं.

मी घड्याळं दुरुस्त करते. दुकान बाबांचं, गेल्या वर्षापासून माझं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. घड्याळ बंद पडलं तर आत कचरा असतो, तेल वाळलेलं असतं, नाहीतर एखाद्या चाकाचा दात झिजलेला असतो. कारण सापडतंच. फक्त डोळ्याला भिंग लावून बसायची तयारी लागते.

आईला जाऊन वर्ष झालं. ऑपरेशन साधं होतं, असं सगळे म्हणाले होते. सकाळी तिने निरोप धाडला, "चारच्या ठोक्याला या दोघं. आत नेण्याआधी एक सांगायचंय." आम्ही चारच्या ठोक्याला पोचलो. वॉर्डातल्या घड्याळात चार वीस झाले होते. नर्स म्हणाली, "आत्ताच नेलं हो, दहा मिनिटं झाली. सारख्या मनगट बघत होत्या." त्यानंतर आई बोलली नाही. बाहेर आणली तेव्हा बोलण्यासारखी नव्हती.

आमच्या घरात एक शिस्त होती. बैठकीतलं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ म्हणजे शेवटचा शब्द. घरातली सगळी मनगटं रोज सकाळी त्याच्याशी जुळवायची. मोबाइल माझ्या पर्समध्ये होता, पण घड्याळजीच्या घरात मोबाइलवर वेळ बघायची म्हणजे सुगरणीने शेजारून वरण मागवण्यातला प्रकार. तेव्हा त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे, म्हणजे आम्ही दोघंही वीस मिनिटं मागे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाबांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. दर रविवारी किल्ली तेच द्यायचे. "माझ्याच हातून किल्ली कमी पडली," असं एकदा म्हणाले आणि त्यानंतर कुठल्याही घड्याळाला त्यांनी हात लावला नाही. भिंतीवरचं आठ दिवसांत आपोआप थांबलं. ते तसंच राहिलं. चाळीस वर्षं मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवलेला माणूस दिवसभर अंगणातल्या खुर्चीवर बसून हाताची नखं बघायला लागला.

किल्ली कमी पडली नव्हती. आदल्या संध्याकाळी मी ते घड्याळ तेल द्यायला उघडलं होतं. लंबक हाताने थांबवला, वीस मिनिटं काम केलं, पुन्हा झोका दिला आणि काटे पुढे करायचं सकाळवर टाकलं. "सकाळी रेडिओच्या ठोक्याला लावते," असं मनाशी म्हटलं. सकाळी विसरले. एवढंच. हे मी बाबांना वर्षभर सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तोंड उघडायचे आणि चहा हवा का, असं विचारायचे.

*

चष्म्याची काडी दहा मिनिटांत झाली. मिक्सरवाल्याने भांडं कानाशी धरून हलवलं आणि "दुपारी या" म्हणाला. नगर कार्यालयात मात्र खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केला आणि सांगितलं, "साहेबांची सही लागेल. साहेब चारनंतर."

"चारनंतर म्हणजे किती वाजता?" बाबांनी विचारलं. जुनी सवय.

"म्हणजे चारनंतर, आजोबा."

"सरकारी काम, सहा महिने थांब," बाहेर येता येता मी म्हटलं. बाबा हसले नाहीत. ते कार्यालयाच्या मागच्या बाजूला बघत होते. तिथे इतकी वर्षं नुसती झुडपांची दाटी होती. आता झुडपं छाटली होती, एक बुटकं फाटक दिसत होतं आणि आत हिरवळीवर दगडांचं अर्धवर्तुळ.

जन्म या गावात गेला आणि ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. खुरपं घेऊन बसलेला माळी म्हणाला, "सगळे तेच म्हणतात. खूप जुनं आहे, गवताखाली गेलं होतं. गेल्या महिन्यात मोकळं केलं. छायाघड्याळ आहे. पण काटा नाही हां त्याला. काटा आपण."

मधोमध एक लांबट दगडी पट्टी होती आणि तिच्यावर बारा महिन्यांच्या बारा फरश्या. चालू महिन्याच्या फरशीवर उभं राहायचं, हात डोक्यावर जोडायचे. आपली सावली समोरच्या ज्या दगडाकडे पडेल ती वेळ. तासातासाचे दगड, मधे पाव तासाच्या खुणा. महिन्याप्रमाणे किती मिनिटं मिळवायची तेही एका पाटीवर कोरलं होतं. या महिन्याला शून्य.

बाबांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी हललं.

"याला किल्ली कोण देतं, विचार," ते माळ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, आणि चपला काढून फरशीवर चढले. हात जोडले. त्यांची सावली साडेअकराच्या खुणेला बिनचूक टेकली. मी माझं घड्याळ पाहिलं. अकरा एकतीस. बाबांनी मला तिथे एक खडा ठेवायला लावला.

मग माळी उभा राहिला. त्याची सावली खड्याला चिकटून, केसभर पुढे.

मग मी.

मी हात जोडले आणि समोर पाहिलं. माझी सावली खड्याच्या अलीकडे पडली होती. थोडी नाही, चांगली वीतभर अलीकडे.

"नीट उभी राहा," बाबा म्हणाले.

मी नीटच उभी होते. पाय जुळवले, खांदे सरळ केले, फरशीवरचा महिना पुन्हा वाचला. सावली तिथेच. बाबा खाली बसले, त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दोन खुणांमधलं अंतर मोजलं, मग माझ्या सावलीपासून खड्यापर्यंतचं. दुकानात एखादं घड्याळ समजून घेताना त्यांची मान जशी तिरकी व्हायची तशी झाली.

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "मागे."

माळी हसला. "ताई वेळेवर येत नसतील कुठे."

मी फरशीवरून उतरले. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला ते बघणं नको होतं.

"जमीन उतरती असेल," मी म्हटलं.

"आम्ही दोघं त्याच जमिनीवर उभे होतो," बाबा म्हणाले. त्यांनी चपला घातल्या आणि ते फाटकाकडे चालू लागले.

मी मात्र मनात भिंग लावून बसले. छत्रीवाल्याकडे तार बसेपर्यंत मी उंचीचा विचार केला. उंचीने सावली लांब होते, बाजूला सरकत नाही. कापडाच्या दुकानात माझ्या उभं राहण्याचा विचार केला. मला पाठीचा त्रास नाही. रस्त्यावर आले की आजूबाजूच्या लोकांच्या सावल्या बघत होते. सगळ्यांच्या एका दिशेला. माझी त्यांच्यापेक्षा जराशी वाकडी, ओळीत एक दात तिरका असावा तेवढी. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. की एकच वर्ष?

पडद्याचं कापड मी न बघताच घेतलं. घरी आल्यावर कळलं, करडं आहे.

*

साहेबांनी चार वाजून पाच मिनिटांनी सही केली. आईच्या नावावर पट्टीने सरळ रेघ मारून बाजूला शिक्का दिला. बाबांनी तो कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरला.

"चल, फाटकाकडून जाऊ," ते म्हणाले.

"कशाला बाबा? भांडं घ्यायचंय अजून."

"भांडं कुठे पळतंय?"

माळी गेला होता. ऊन तिरपं झालं होतं आणि दगडांच्या सावल्या लांबल्या होत्या. बाबा पट्टीच्या बाजूला उभे राहिले. मी नाही म्हणू शकले असते. पण का नाही, असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर एकच होतं.

मी फरशीवर चढले. मनगट पाहिलं. चार अठरा.

हात जोडले. सावली चारच्या दगडाच्या जरा अलीकडे पडली. सकाळच्यासारखीच मागे. मी न हलता उभी राहिले. ती पुढे सरकताना दिसत नाही, पण सरकते.

चार एकोणीस.

चार वीस. माझी सावली चारच्या दगडाला टेकली.

चारच्या ठोक्याला.

तेव्हा मला कळलं की मी उशिरा आलेले नाही. माझ्या सावलीच्या हिशेबाने मी अगदी वेळेवर होते.

माझ्या सावलीच्या शेजारी दुसरी सावली होती.

बाबांची नव्हती. बाबा पलीकडे उभे होते, त्यांची सावली वीतभर दूर, वेगळ्या दिशेला. ही माझ्या सावलीला समांतर होती. बुटकी. माझ्या खांद्याएवढी. एक कोपर बाहेर काढून तिने हात वर घेतला आणि मनगट उलटं केलं.

आई घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घालायची. बाहेर घातलं तर भांड्यांवर आपटतं, म्हणायची.

माझ्या शेजारी कुणी नव्हतं. मी मान वळवून पाहिलं. गवत होतं.

मी उडी मारून खाली आले. दगडापाशी आता एकही सावली नव्हती. बाबा जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग ते घाईघाईने, चपला न काढताच, फरशीवर चढले आणि हात जोडले. त्यांची सावली चार वीसवर पडली. एकटी. ते उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले, कागद त्यांच्या जोडलेल्या हातांत चुरगळला.

"मला उशीर झाला," ते म्हणाले.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बाबा, चला. मिक्सरवाला बंद करेल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टिकटिकीने जाग आली. बाबांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं, पुसलं होतं, किल्ली दिली होती. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. मग चहा घेऊन बाहेर आले आणि काटे पाहिले. वीस मिनिटं मागे होते. बाबांच्या मनगटावरचं घड्याळही तसंच. आतल्या बाजूला घातलेलं.

"बाबा, हे मागे आहे."

"असू दे," ते म्हणाले.

रोज चारच्या सुमाराला ते छायाघड्याळाच्या बागेकडे निघायचे आणि पाचपर्यंत परत यायचे. मी एकदा सकाळीच बागेत जाऊन उभी राहिले. माझी सावली आता बरोबर वेळेवर पडत होती, मिनिटाचा फरक नाही. हलकं वाटायला हवं होतं. मला अंगावरचं पांघरूण कुणी ओढून नेल्यासारखं वाटलं.

पहिल्या आठवड्यात त्यांचं उत्तर थोडं उशिरा यायचं. "भाजी वाढू?" म्हटलं की क्षणभर थांबून "हं." वय झालं, असं मी म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात ताट उचलून ठेवल्यावर "हं" यायला लागलं. एका रात्री मी "दिवा मालवू का?" विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून मालवला, आणि अंधारात पडून असताना त्यांचा शांत आवाज आला, "मालव."

मी उठून घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं.

चालणं, जेवण, आंघोळ सगळं ठीक होतं. फक्त आपलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. मी त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करा असं आधी लिहून दाखवलं. बाबा स्तब्ध बसून राहिले. बोट एकदाही हललं नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही कान जवळजवळ गेलेत. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

परतताना आम्ही बसमध्ये बसलो होतो. तिसऱ्या थांब्यापाशी बाबांचं बोट वर झालं. खाली गेलं. पुन्हा वर झालं. मांडीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट, थांबून थांबून, नीट, एकही न चुकवता. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला. आई गेली तेव्हा मी जेवढी भ्याले नव्हते तेवढी त्या बसमध्ये भ्याले. आई एकदम गेली होती. हे माझ्यासमोर बसून जात होते.

कारण सापडतंच, असं मी म्हटलं होतं. मला कारण ठाऊक होतं. लंबक माझ्या हाताने थांबला होता.

पुढच्या मंगळवारी बाबा अंगणातल्या खुर्चीवर बसले होते. निघायच्या तयारीत, अंगात इस्त्रीचा सदरा. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. माझ्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"बाबा," मी म्हटलं, "किल्ली कमी पडली नव्हती. घड्याळ मी थांबवलं होतं, तेल द्यायला. काटे पुढे करायला विसरले. तुमची काही चूक नव्हती. वर्षभर मी सांगितलं नाही. मला भीती वाटली की तुम्ही माझ्याशी कधी बोलणार नाही."

ते समोर अंगणाच्या फाटकाकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मी थांबले. आयुष्यभर मिनिटं मोजली, पण ती वीस मिनिटं मला मोजता आली नाहीत. पायरीवरून मुंग्यांची रांग चालली होती. शेजारी कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

चार वाजून पाच मिनिटं झाली आणि बाबांनी मान वळवली. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

"माहीत आहे गं," ते म्हणाले. "तिनं सांगितलं. म्हणाली, पोरीवर रागावू नका."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. कितीतरी वेळ रडले असते, पण त्यांनी हळूच गुडघा बाजूला घेतला. मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. त्यांच्याकडे पावणेचार झाले होते. ते उठले, चपला घातल्या.

"बाबा, मी येऊ बरोबर?"

ते फाटकाबाहेर पडले होते. माझ्या घड्याळात चार सात झाले होते. मी कुलूप न लावताच मागे निघाले, वीस पावलं अंतर ठेवून. ते भरभर चालत होते, तरण्या माणसासारखे. बागेत शिरले, चपला काढल्या, फरशीवर चढले. मी फाटकापाशी थांबले. पुढे पाऊल पडेना.

ऊन स्वच्छ होतं. चार वीसला त्यांची सावली चारच्या दगडाला टेकली. त्यांनी हात खाली घेतले, आणि उजवा हात जरासा बाजूला धरला, कुणाचं कोपर धरावं तसा. गवतावर दोन सावल्या होत्या. दोन्ही एकमेकींकडे झुकून काहीतरी बोलत असाव्यात.

मी घड्याळ बघत होते. चार पंचवीस. चार सव्वीस.

चार सत्तावीसला बाबा बोलले. पाठ माझ्याकडेच होती, मान वळली नाही. आवाज अगदी प्रेमाचा होता, घराच्या पायरीवरून लहान मुलीला परत पाठवावं तसा.

"नको गं. तुला अजून वेळ आहे."